मधला बंगला

१

रविवारची जेवणं उरकली की भगवंत बैठकीत सतरंजी अंथरायचा आणि तिच्यावर सातपुडा उभा करायचा.

त्याला फार वेळ लागत नसे. सतरंजीखाली दोन लोड सारले की चिखलदऱ्याचा घाट झाला, उशी दुमडून घातली की पलीकडची उतरण. जमुनाच्या विरलेल्या लुगड्याचा निळा काठ मधून वळवून टाकला की सिपना नदी वाहायला लागे. खरा नकाशा जंगल खात्याच्या कचेरीत भिंतीवर होता आणि तो बाहेर आणायची सोय नव्हती. पण तिथं कारकुनी करणारे वामनराव आठवडाभर येता-जाता त्याच्याकडे बघून घेत आणि रविवारी इथं येऊन लोड इकडचा तिकडे करत. जंगलात साहेब लोकांच्या मुक्कामासाठी बांधलेले बंगले म्हणजे घरातली धान्याची मापं. पायली पालथी घातली ते चिखलदरा, शेर म्हणजे सेमाडोह, चिपटं म्हणजे कोलकास. चिखलदरा आणि सेमाडोहच्या मधे अधोली असायची. त्या बंगल्यालाही काहीतरी नाव होतं, पण वामनरावांच्या ते कधी ध्यानात राहत नसे. म्हणून तो नुसता मधला बंगला.

थंडी जरा मोडली की निघायचं होतं. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत मोटारीनं, तिथून पायी, एका बंगल्यावरून दुसऱ्या बंगल्यावर, रोज झेपेल तेवढं. माणसं चार: भगवंत आणि जमुना, वामनराव आणि त्यांची बायको आशा. टूम मूळची आशाची. अकोल्याच्या शाळेत ती आणि जमुना एका बाकावर बसत, तेव्हापासून आशा टुमा काढायची आणि जमुना त्यातल्या अडचणी.

या खेपेला मात्र जमुनाला अडचणी काढायच्या नव्हत्या. मळ्यातल्या मचाणावर चढलं की पावसाळा सरल्यावर उत्तरेला डोंगरांची एक निळी रेघ दिसते, आणि लग्न होऊन या घरी आल्यापासून ती त्या रेघेकडे बघत आली होती. तिला जायचंच होतं. अडचण एकच होती आणि ती रांगत होती.

जयवंता. भगवंताच्या आजीचं नाव, एवढ्याशा पोरीला अंगरख्यासारखं ढगळ. घरात सगळे तिला जयू म्हणत. तिला दात येत होते. जमुनाला सलग झोप लागून किती महिने झाले, ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं. मॅट्रिक झालेल्या बाईला एक पोर निजवता येत नाही, हा विचार ती रोज पाळण्याच्या दोरीबरोबर पुढंमागं ओढत असे.

सतरंजीवर प्रत्येकाची एक निशाणी होती. वामनरावांची तंबाखूची डबी, भगवंताचं दौतीचं झाकण, आशाचा केसातला आकडा, जमुनाचं शिवणाचं अंगुस्तान. जयूचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, तरी तिच्या पायातला एक चांदीचा वाळा काढून तोही सोबत चालवायचे. दर रविवारी एक मजल. वामनराव वाट सांगायचे, आशा मुक्कामाचा स्वयंपाक ठरवायची, भगवंत हमालांची ओझी वाटायचा.

जमुनाच्या सासूबाई मनकर्णाबाई, दोघी मैत्रिणींच्या आत्याबाई, दारात सुपारी कातरत बसलेल्या असत.

"पालथं माप घरात ठेवत नाईत बाप्पा," त्या दर वेळी म्हणायच्या. "भरून ठेवा, नाई तं सरळ ठेवा."

"आत्याबाई, बंगला सरळ ठेवला तर छप्पर खाली जाईल," आशा म्हणायची. आणि मनकर्णाबाई तोंडातल्या तोंडात हसून पुन्हा सुपारीकडे वळायच्या.

२

मनकर्णाबाईंचा सगळा जन्म मळ्यात गेला होता. वांगी, मेथी, कोहळी आणि कडेनं शेवंतीचे वाफे. मळ्यातल्या बायका आंब्याच्या फांदीला झोळी बांधून तीत लेकरं निजवत आणि खुरपायला लागत. दिवस कलला की झोळीतलं लेकरू तसंच उचलायचं नाही, अशी तिथली रीत होती. आधी आईनं त्याला नावानं हाक मारायची, "चाल घरी" म्हणायचं. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीनं ओ द्यायची. मग उचलायचं. लेकरू अंगानं घरी येतं अन् जीव तिथंच खेळत राहतो, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं.

जमुना ही रीत पाळायची, पण शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात. आशाला तर ती फारच आवडली होती. रविवारची मजल संपली की सतरंजी गुंडाळायच्या आधी ती हात तोंडाशी धरून हाळी घालायची, "जयवंता, चाल घरी." वामनराव बारीक आवाज काढून "आली" म्हणायचे, आणि वाळा परत जयूच्या पायात जायचा. मनकर्णाबाईंना ही थट्टा कळत होती, पण थट्टेत का होईना, रीत होते आहे म्हणून त्या गप्प असत.

मधल्या बंगल्याचा रविवार आला त्या दिवशी जयू पहाटेपासून किरकिरत होती. जमुनाच्या खांद्यावर तिच्या लाळेचा ओला डाग वाळत होता आणि पुन्हा ओला होत होता. वामनराव सांगत होते की मधल्या बंगल्याचं पाणी खाली नाल्यात आहे, उतरण वाईट आहे, लेकरू घेऊन ते जमायचं नाही. भगवंत म्हणाला, तिला माझ्या आईपाशी ठेवून जाऊ. आशा म्हणाली, मी घेते तिला पाठुंगळी, तुम्ही पुरुष माणसं उगाच बाऊ करता. तिघांचं बराच वेळ चाललं. पोरीच्या आईला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला उत्तर सुचलं असतं असं नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

तिनं पुढं वाकून वाळा उचलला, अधोली जराशी कलती केली आणि तो आत सारला.

"इथंच राहू द्या तिला," ती म्हणाली. "जाताना ठेवू, येताना घेऊ. तेवढ्यात मी झोपून घेईन."

सगळे हसले. आशा तर लोडावर आडवी झाली, सबंध चिखलदऱ्याचा घाट तिच्याखाली दबला. आणि तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. मळ्यातून निघालेल्या बैलगाडीचं चाक नालीत गेलं होतं, वांग्यांच्या डाली रस्त्यावर पालथ्या. पुरुष धावले, मनकर्णाबाई पदर खोचून त्यांच्या मागं. आशानं आणि जमुनानं घाईघाईनं सतरंजी गुंडाळली, मापं कोठीत ठेवली, वाळा जयूच्या पायात घातला.

त्या दिवशी हाक मारायची राहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

३

जयू त्या रात्री उठली नाही. पहाटेही नाही. जमुनाला ऊन तोंडावर आल्यावर जाग आली आणि आधी तिला धडकीच भरली. मग पाळण्यात पोरीचं पोट वरखाली होताना दिसलं, आणि दातांचा त्रास एकदाचा सरला म्हणून तिनं देवाला हात जोडले.

न्हाऊ घालताना तिला जयूचे तळवे दिसले.

तांबडे होते. टाचेच्या बारीक रेघांत, बोटांच्या बेचक्यांत तांबडी माती बसली होती, चार कोस चालून आल्यावर बसते तशी. आणि जयू अजून उभीसुद्धा राहत नव्हती.

घराभोवती कोसभर काळ्या मातीशिवाय दुसरी माती नाही. जमुनानं एकेक शक्यता काढली, कारण तिला शिकवलेलं तेच होतं. गेरू? तुळशीच्या कट्ट्याला दिवाळीत लावला होता, पण तो बोटाला लागत नव्हता. कौलांचा चुरा? तो इतका भिजका नसतो. कॅम्पात साहेबांच्या बंगल्यांपुढं तांबडा मुरूम टाकतात, पण जयूचं काही तिकडं जाणं-येणं नव्हतं. शेवटी तिनं ठरवलं की आपण काल झोपेत कशात तरी तिचे पाय टेकवले असतील. हल्ली ती झोपेत बऱ्याच गोष्टी करत असे. एकदा भाजीत मिठाऐवजी खायचा सोडा घातला होता.

माती धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती.

मग जावळाला वास यायला लागला. दूध, तेल, शिकेकाई यांच्याखाली एक धुराचा वास, ओली लाकडं पेटवल्यावर येतो तसा. जमुना नाक खुपसून हुंगायची आणि जयू काही करायची नाही. पूर्वी ती केस धरायची, नाक ओरबाडायची. आता ती आईच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायची, जरा उंचावर, जिथं उभ्या माणसाचं तोंड यावं तिथं. कधीकधी हसायचीही. जमुना मागं वळून बघायची. मागं भिंत असायची आणि भिंतीवर भगवंताचा कोट.

"गुणी झाली हो पोरगी," भगवंत म्हणाला. "आता खुशाल आईपाशी ठेवू. तुझी झोपही होऊन राहिली."

झोप होत होती हे खरं. तक्रार काय करायची? पोर रडत नाही, म्हणून?

४

कोठीतून आवाज यायचा तो दुपारी. दुपारी घर रिकामं असे, मनकर्णाबाई मळ्यात, भगवंत शाळेत शिकवायला. जमुना पाळण्याशी शिवण घेऊन बसलेली असायची. आणि कोठीत कुणीतरी झाडत असायचं.

खराट्याचा आवाज, सावकाश. दोन-तीन फटकारे, मग थांबणं, मग पुन्हा. खराट्याखाली वाळकी पानं होती. मोठी पानं. मेथीचा पाला असा वाजत नाही, आंब्याचंही पान असं वाजत नाही. अकोल्याजवळ पातूरला माहेरी लेण्यांच्या वाटेवर सागाची झाडं होती, उन्हाळ्यात त्यांची पानं पायाखाली पापडासारखी मोडायची, तो आवाज.

ती उठून गेली. कोठीत ज्वारीची कणगी, कांद्यांचा ढीग, कोपऱ्यात एकात एक घातलेली मापं. जमीन सारवलेली, कोरडी. उंदीर असणार. उंदीर सावकाश झाडतो का, असं तिनं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःलाच उत्तर दिलं, की जाग्रणं केलेल्या बाईचे कान म्हणजे काही पुरावा नव्हे.

ती परत येऊन बसली. पाळण्यात जयूनं मान कोठीकडे वळवली होती आणि ती टाळ्या वाजवत होती. हात हातावर पडत होते. आवाज होत नव्हता.

५

दर पुनवेला मनकर्णाबाई नातीला तोलत. पडवीच्या आढ्याला मळ्याचा मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात टोपलीत जयू, दुसऱ्यात मळ्यातला माल. पहिल्या पुनवेला ती फुलकोबीएवढी भरली होती, मागच्या पुनवेला एका जाड कोहळ्याला पुरून उरली होती. सगळ्या घराला या खेळाची हौस. पोर वाढली की मनकर्णाबाई तोललेला माल शेजारी वाटून टाकत.

या पुनवेला त्यांनी मागच्याहून जड कोहळं निवडलं आणि ते पारड्यात ठेवलं. जयूचं पारडं सर्रकन वर गेलं, समोरचं जमिनीला टेकलं. जमुनानं धावत तिला धरलं.

मनकर्णाबाई हसल्या. लहान कोहळं घेतलं. पारडं वरच. फुलकोबी ठेवली. वरच. मग त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी वांगी ठेवली, एकेक उतरवली. दांडी आडवी झाली तेव्हा समोरच्या पारड्यात मेथीच्या जुड्या होत्या, आणि त्यातलीही एक त्यांना काढावी लागली.

टोपलीत जयू गोबरी दिसत होती. गाल, दंडाला वळ्या, मनगटावर दोरा रुतल्यासारखी रेघ. सगळं जिथल्या तिथं.

हल्ली हात दुखत नाहीत, हे जमुनाच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं त्याचं श्रेय सवयीला दिलं होतं.

मनकर्णाबाईंनी पोर उतरवली, पासरीचं वजन दोन्हीकडे लावून तराजू पारखला. तराजूत खोट नव्हती. मग त्यांनी जयूचे तळवे उलटे करून पाहिले, जावळ हुंगलं. जमुना उभी होती, परीक्षकापुढं उभं राहावं तशी.

"कुठी ठेवली होती इले?"

"कुठंच नाही आत्याबाई."

"आठव."

जमुनाला आठवलं. आठवलं तेव्हा तिला आधी हसूच आलं. तिनं सांगितलं. अधोलीचं, वाळ्याचं, आपण काय बोललो त्याचं.

मनकर्णाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पडवीच्या कडेला बसल्या.

"हाक मारली होती का मंग?"

"गाडी उलटली ना त्या दिवशी."

"हाव," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गाडी उलटली."

६

भगवंताला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तराजूची दांडी गंजली असेल, आणि जयूला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, पापण्या ओढून पाहिल्या, पोर उत्तम आहे म्हणाले आणि आईला टॉनिक लिहून दिलं. ती बाटली जमुनानं मुकाट्यानं फळीवर ठेवली. तिला टॉनिकची गरज होती याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

मनकर्णाबाईंचं म्हणणं सरळ होतं. जिथं ठेवली त्या जागी जायचं आणि हाक मारायची. तेवढ्यासाठी का होईना, आता डोंगरात जायलाच हवं, असं जमुनानंही मनाशी धरलं. ज्या सहलीसाठी पोर मागं ठेवायची होती, ती आता पोरीसाठी करायची. रविवारी वामनराव आणि आशा आले तेव्हा ती आधीच पायऱ्यांवर उभी होती.

वामनराव टोपी काढता काढता म्हणाले की बेतात थोडा फरक करावा लागणार. मधल्या बंगल्याचा परवाना मिळत नाही. तो बंगला खात्यानं केव्हाच सोडून दिला म्हणे, नुसता नकाशावर राहिलाय, वाटही मोडली. आपण दुसऱ्या वाटेनं थेट सेमाडोहला उतरू.

"सोडून दिला म्हणजे?" जमुनानं विचारलं. "तिथं कुणीच राहत नाही?"

"कोण राहणार वहिनी? छप्पर बसलं म्हणतात." त्यांनी तंबाखू मळली. "जंगलचे शिपाई मात्र सांगतात, अंगण झाडलेलं असतं. वारा असतो तिथं फार."

भगवंत सतरंजी अंथरायला लागला. जमुना म्हणाली, आज नको. तिचा आवाज ऐकून आशानं तिच्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदाच काही टूम काढली नाही. ती आत जाऊन पाळण्याशी बसली, जयूला मांडीवर घेतलं आणि लगेच पुन्हा खाली ठेवलं. बाहेर आल्यावर आपले हात पदराला पुसत राहिली.

"जमे," ती हळूच म्हणाली, "पोर पांघरुणासारखी लागते गं."

संध्याकाळी मनकर्णाबाई म्हणाल्या, "वाट मोडली तं मोडली. तुमी घरात ठेवली, घरातच हाक मारू. तसंच मांडा लागीन सारं. पण एकटीनं नाई. ओ द्याले आपलं माणूस लागते. मी उद्या इतवाऱ्याच्या बाजारातून येतो फुलं देऊन, मंग दोघी बसू. तोवर मापाइले हात नोको लावू."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी जयूनं दूध घेतलं नाही. नुसती छातीशी पडून राहिली, डोळे उघडे, कोठीकडे. जमुनानं तिला पाळण्यात ठेवलं तेव्हा पाळण्याची दोरी ताणली गेली नाही. जयू आत असताना ती दोरी झोळ पडून लोंबत होती. खिडकीतून वारा आला आणि पाळणा हलला, रिकामा हलतो तसा.

फुलांचा बाजार उठायला अजून अवकाश होता.

जमुना कोठीत गेली, मापं घेऊन आली. सतरंजी अंथरली. खाली लोड सारले, उशी दुमडली. आशा ज्या ठिकाणी आडवी झाली होती तिथं घाट जरा दबलेला होता, तो तिनं तसाच दाबला. निळा काठ सोडला. पायली, शेर, चिपटं. तंबाखूच्या डबीऐवजी काड्यांची पेटी ठेवली, आकड्याऐवजी आपला स्वतःचा आकडा. जयूच्या पायातला वाळा काढला. तो बर्फासारखा गार होता. अधोली कलती करून तिनं तो आत सारला आणि ती गुडघे टेकून बसली.

आपण मॅट्रिक झालेलो आहोत, असं तिच्या मनात आलं. मग ते गेलं.

"जयवंता, चाल घरी."

हजेरीचा स्वर लागलाच नाही. घर गप्प होतं. तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज फाटला. समोर पालथी अधोली, लाकडाची, कडेला लोखंडी पट्टी. पाळण्यात जयू हलत नव्हती. सासूबाईंनी सांगितलेलं तिला सगळं आठवत होतं. ओ द्यायला आपलं माणूस लागतं, तेही. पण आपलं माणूस इतवाऱ्यात होतं आणि पोर पाळण्यात विझत होती.

तिनं हात जोडले. कुणापुढं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"कुणी असाल तिथं," ती म्हणाली, "तर एवढी पोर माझी आणून सोडा. तिला चालता येत नाही."

कोठीत खराटा थांबला. तो इतका वेळ चालू होता हे तिला थांबल्यावर कळलं.

मग पानं वाजायला लागली. झाडल्यासारखी वाजत नव्हती. कुणीतरी त्यांच्यावरून चालत होतं, जपून, लहान पावलांना जमेल त्या बेतानं. मधूनच वाळ्याची चिमणी किणकिण. जमुनानं मान वर केली नाही. तिनं अधोलीच्या लोखंडी पट्टीवर डोळे रोवले होते आणि त्या पट्टीत मागच्या दाराचा उजेड दिसत होता, नखाएवढा. त्या उजेडातून काहीतरी उंच सरकलं, वाकलेलं, एका बाजूला हात खाली सोडलेलं, लेकराचं बोट धरून चालणारं माणूस वाकतं तसं. मग उजेड पुन्हा मोकळा झाला.

"आली," कुणीतरी म्हणालं.

तिच्या मागं, अगदी जवळ. तो आवाज बाईचा की बाप्याचा ते तिला सांगता आलं नसतं. त्यात भीती वाटावी असंही काही नव्हतं. घाट चढून आलेल्या माणसाचा दमलेला आवाज होता.

पाळण्याची दोरी करकरली, भार घेतल्यासारखी. आणि जयू रडायला लागली. घर डोक्यावर घेऊन, हिरड्या दाखवत, पूर्वीसारखी. जमुनानं तिला उचललं तेव्हा तिचे खांदे खाली ओढले गेले, आणि ते दुखणं तिनं अंगभर घेतलं. जावळाला दुधाचा वास होता. तळवे मऊ, गुलाबी, कोरे.

पोर छातीला लावून ती वळली तेव्हा तिला जमीन दिसली.

सारवलेल्या जमिनीवर कोठीच्या दारापासून पाळण्यापर्यंत तांबडी पावलं उमटली होती. एक जोड एवढीशी, वाटाण्याएवढी बोटं. तिच्या कडेनं दुसरी, मोठी, अनवाणी, फाकलेल्या बोटांची. दोन्ही पाळण्याशी येऊन थांबली होती.

तिनं वाकून बघितलं, मग पाळण्याला फेरा घालून बघितलं. परत जाणारी पावलं कुठंच नव्हती.

८

मनकर्णाबाई फुलांची रिकामी टोपली घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. आधी त्यांनी नातीचं रडणं ऐकलं, त्यांचा चेहरा सैलावला. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"कोनी ओ देल्ली?"

जमुनानं पाळण्याशी थांबलेल्या मोठ्या पावलांकडे बोट केलं.

मनकर्णाबाईंनी टोपली खाली ठेवली. आत गेल्या, तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आल्या आणि पाळण्याशेजारी भिंतीला लागून ठेवला.

"लेकरू आनून देल्लं त्यानं," त्या म्हणाल्या. "पानी तं द्या लागते." आणि मग, सुनेकडे न बघता, "तू बोलावलं. आता जाय म्हनता येत नाई."

मापं त्यांनी सरळ करून, ज्वारीनं भरून ठेवली. सतरंजी उन्हात टाकली. पावलांवरून जमुनानं सारवलं. संध्याकाळी तांब्या उचलला तेव्हा त्यात पाणी कमी होतं. उन्हाळ्यासारखी हवा होती त्या दिवशी, असं तिनं भगवंताला सांगितलं, पौष चालू असताना.

पुनवेला जयू कोहळ्याला भारी भरली. माल शेजारी वाटला.

आशा पुन्हा आली ती नवीन बेत घेऊन. मधला बंगला गाळून, दुसऱ्या वाटेनं. परवाने झाले, हमाल ठरले, फक्त जमुनानं हो म्हणायचं बाकी होतं. "चल ना गं," आशा म्हणाली. "एवढी वाट बघितलीस. आता कशाचं अडलं?"

पोरीकडे बघायला घरी कुणी नाही, असं सांगायला जमुनानं तोंड उघडलं आणि ते तिच्यानं बोलवेना. मग तिनं दाताचं कारण सांगितलं. आशाला ते पटलं नाही, पण ती रागावून गेली नाही. जाताना तिनं पाळण्याशेजारच्या तांब्याकडे आणि गुळाच्या वाटीकडे पाहिलं.

वामनराव आणि आशा दोघंच गेले. मचाणावर चढलं की डोंगरांची निळी रेघ अजून दिसायची. जमुना चढेनाशी झाली.

जयूचे दात पुन्हा सुरू झाले. पुन्हा जाग्रणं, पुन्हा खांद्यावर ओला डाग. एका दुपारी जमुना पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून चटईवर आडवी झाली, झोका देत देत, आणि केव्हातरी तिचा पाय थांबला. तिला ते कळलं. आता पोर उठेल, असंही कळलं. ती वाट बघत राहिली.

पाळणा हलत होता.

अंगठ्याची दोरी सैल पडली होती. दुसऱ्या बाजूची, भिंतीकडची, ताठ होत होती आणि सुटत होती, सावकाश, सरावाच्या हातानं. धुराचा बारीकसा वास होता. जयूची किरकिर हळूहळू उतरत गेली.

उठायला हवं होतं. तिथं जायला हवं होतं, पोर उचलायला हवी होती, आरडाओरडा करायला हवा होता. हे सगळं तिला एकामागून एक स्वच्छ दिसत होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. पण तिचं अंग इतकं जड झालं होतं, आणि झोका इतका बेताचा होता.

जरा वेळानं, असं तिनं ठरवलं, आणि डोळे मिटले.